तळाशी पूर्ण नाव

४ जुलै १७७६च्या रात्री फिलाडेल्फियात जॉन डनलॅप यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा एकपानी छापला. त्यावर सह्या करणाऱ्यांची यादी नव्हती.

ती छापली मेरी कॅथरीन गॉडर्ड यांनी. काँग्रेसच्या १८ जानेवारी १७७७च्या आदेशानुसार बाल्टिमोरमधल्या त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या पत्रकावर ही नावं प्रथमच जाहीर झाली; टॉमस मकीन यांचं तेवढं त्यात नाही. ब्रिटिशांच्या लेखी हा राजद्रोह होता. एरवी ‘एम. के. गॉडर्ड’ एवढंच छापणाऱ्या मेरीबाईंनी इथे तळाशी आपलं पूर्ण नाव घातलं. केवढं हे धैर्य!

बाल्टिमोरचं टपाल कार्यालयही त्याच सांभाळत. १७८९मध्ये त्यांना त्या पदावरून काढलं, तेव्हा २००हून अधिक नागरिकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. पद परत मिळालं नाही.