राहुटीतील सुपारी आणि फडाचे नाव

कोणत्याही कंपनीच्या किंवा वाहिनीच्या आधाराशिवाय, स्वतःच्या बळावर चालणाऱ्या कलापथकापुढे कला सादर करण्याइतकाच अवघड असा आणखी एक प्रश्न असतो. तो म्हणजे ज्यांनी आपल्याला कधी पाहिलेले नाही, त्यांच्यापर्यंत आपले नाव पोहोचवण्याचा आणि त्या नावावर त्यांचा भरवसा बसवण्याचा. महानगरांतील स्वतंत्र बँडच्या संदर्भात या प्रश्नाची चर्चा बरीच होते; परंतु यंत्रमागासाठी आणि देशभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांसाठी, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करणाऱ्या कारागिरांसाठी, ओळखल्या जाणाऱ्या सांगली जिल्ह्यातील विट्यात तमाशाच्या फडांनी याच प्रश्नाला आपल्या पद्धतीचे उत्तर दिलेले आहे.

यात्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या लागणारे सर्वांत प्रसिद्ध गाव म्हणजे पुणे जिल्ह्यातील नारायणगाव. पश्चिम महाराष्ट्राच्या दक्षिण भागात त्याच कामासाठी विट्याचे नाव घेतले जाते. राहुटी म्हणजे फडाचे हंगामापुरते कार्यालय. तेथे फडाचा व्यवस्थापक बसतो, बाहेर कलावंतांची छायाचित्रे असलेला फलक लागतो आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे लोक येऊन तारीख, खेळाची रक्कम आणि विसार ठरवतात. या ठरावालाच ‘सुपारी’ म्हणतात. गुहागर-विजापूर रस्त्यावरील विट्याला कऱ्हाडकडून, खटाव-माण भागातून तसेच आटपाडी-सांगोल्याकडून येणे सोयीचे असल्यामुळे तीन जिल्ह्यांतील गावांना हे ठिकाण जवळचे पडते.

अशा एका ठिकाणी सर्वांनी जमण्यामागे पंचांगाचेही कारण आहे. ग्रामदैवतांच्या यात्रा तिथीवर ठरतात आणि त्यांतील पुष्कळ चैत्र-वैशाखात, ठरावीक तिथींच्या आसपास येतात; त्यामुळे एकाच रात्री अनेक गावांना फड हवा असतो, तर एका फडाला मात्र एकाच गावी उभे राहता येते. प्रत्येक गावाने प्रत्येक फडाच्या घरी जाऊन चौकशी करायची म्हटले तर हंगाम निघून जाईल. राहुट्या शेजारी शेजारी असल्या की एक फड अडकलेला असेल तर कमिटी पुढच्या राहुटीत जाते, दरांची तुलना होते आणि मुख्य म्हणजे इतर गावांहून आलेल्या लोकांकडून गेल्या वर्षी कोणता फड रंगला आणि कोणता पडला, याची खबर मिळते.

या तोंडी कीर्तीला टिकाऊ रूप मिळते ते फडाच्या नावात. कऱ्हाड तालुक्यातील करवडीच्या मंगला बनसोडे यांचा फड ‘करवडीकर’ या नावाने ओळखला जातो आणि तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची कन्या ही त्यांची ओळखही प्रेक्षकांच्या मनात त्याच्या जोडीला असते. म्हणजे गाव आणि घराणे ही दोन्ही हमीपत्रे एका फलकावर येतात. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ या वगातील हवालदारांच्या भूमिकांमुळे काळू-बाळू या नावाने इतके प्रसिद्ध झाले की त्यांची खरी नावे मागे पडली आणि ‘काळू-बाळू कवलापूरकर’ हेच फडाचे नाव झाले. वग म्हणजे गण, गवळण आणि बतावणीनंतर येणारे तमाशातील कथानाट्य. एखादा वग गाजला की पुढच्या सुपाऱ्या त्याच्याच नावावर मिळतात.

राहुटीतील शिफारशीला वजन असते, कारण तिच्यामागे उत्तरदायित्व असते. मोठ्या फडात कलावंत, वादक, स्वयंपाकी, चालक असा मोठा परिवार असतो. कलावंतांना हंगामापूर्वी ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते आणि ती देण्यासाठी मालक बहुधा कर्ज काढतो. ज्या गावात खेळ पडला, त्या गावची कमिटी पुढच्या वर्षी शेजारच्या राहुटीत जाणार, हे ठाऊक असल्यामुळे व्यवस्थापकाला वाटेल ते आश्वासन देता येत नाही. ही व्यवस्था किती नाजूक आहे हे 2020 मध्ये दिसले; त्या वर्षी देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, 25 मार्च, हा नेमका गुढीपाडव्याचा दिवस होता आणि ऐन यात्रांचा हंगाम बुडाला.

शहरी बँडच्या बाबतीत हीच मध्यस्थी काही काळ छापील मासिकाने केली. अमित सैगल यांनी 1993 मध्ये अलाहाबादहून सुरू केलेल्या ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ने देशातील विखुरलेल्या रॉक बँडची ओळख एकमेकांना आणि श्रोत्यांना करून दिली, तर 2010 पासून पुण्यात भरू लागलेल्या ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ या संगीत महोत्सवाने अशा अनेक बँडना एकाच आवारात मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. कार्य राहुटीसारखेच असले तरी एक फरक महत्त्वाचा आहे. मासिक बँडची केवळ गाठ घालून देत नसे, तर त्याच्या संगीताविषयी लिहीतही असे. गिटार कोणी वाजवली, गीत कसे रचले, ध्वनिमुद्रण कोठे फसले, हे त्यामुळे नोंदले जाई.

तमाशाला बाजारपेठ लाभली, परंतु असे नियमित लेखन फारसे लाभले नाही. हंगामातील वृत्तांमध्ये सुपाऱ्यांची संख्या आणि उलाढाल ठळकपणे येते. ढोलकीपटूचा हात, नव्या वगाची रचना किंवा सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाची पातळी यांविषयी मात्र क्वचितच वाचायला मिळते. आता कमिट्यांतील तरुण मोबाइलवरील चित्रफिती पाहून पसंती ठरवू लागले असताना ही उणीव अधिक जाणवते, कारण दोन मिनिटांच्या चित्रफितीत नृत्य उठून दिसते, पण रात्रभर उलगडणारा वग तिच्यात मावत नाही. परिणामी निवड नृत्याकडे झुकते आणि फडमालकांनीही वगावरचा खर्च आखडता घेण्याचा धोका निर्माण होतो. जिल्हा दैनिकांनी आणि स्थानिक महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी दर हंगामात काही फडांचे पूर्ण खेळ पाहून त्यांची परीक्षणे लिहिली, तर राहुटीत येणाऱ्या कमिटीच्या हाती दर आणि तारखेबरोबरच वगाविषयीची माहितीही पडेल, आणि ज्या कलावंतांची नावे फलकावर येत नाहीत त्यांचीही कोठेतरी नोंद राहील.