घरचा सर्व्हर आणि त्याची राखण

पूर्वीं घरांतील महत्त्वाचे कागद, म्हणजे जन्माचे दाखले, घराचें खरेदीपत्र, आजोबांचीं पत्रें, एका पेटींत असत आणि त्या पेटीची किल्ली कोणापाशीं आहे हें घरांत सर्वांस ठाऊक असे. हल्लीं अशा कागदांच्या प्रती व कुटुंबाचीं छायाचित्रें कांहीं वडिलांच्या फोनमध्यें, कांहीं आईच्या लॅपटॉपमध्यें, तर कांहीं कोठें आहेत हें कोणासच सांगतां येत नाहीं. एखादा फोन पाण्यांत पडला कीं दहा वर्षांच्या आठवणी त्याबरोबर बुडतात. या विस्कळीतपणावर घरचा सर्व्हर हा एक चांगला उपाय आहे. तो कसा बसवावा, आणि बसविल्यावर त्याची राखण कशी करावी, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर्व्हर या शब्दाचा अर्थ सेवा करणारा असा आहे. इतर संगणकांनीं मागितलेली वस्तु त्यांस काढून देणें हें ज्याचें काम, तो सर्व्हर. त्यासाठीं मोठें यंत्र लागतेंच असें नाहीं. बाजूस पडलेला जुना लॅपटॉप चालतो. मात्र त्याची बॅटरी फुगलेली नाहीं ना, हें आधीं पाहावें. २०१२ सालीं ब्रिटनमध्यें प्रथम विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाचे नवे नमुनेही या कामास पुरतात. हें यंत्र रात्रंदिवस चालावयाचें असल्यामुळें वीज किती लागेल, हा प्रश्न पालक प्रथम विचारतील. १० वॅट घेणारें यंत्र ३० दिवस अखंड चालल्यास ७.२ युनिट वीज लागते. ५० वॅटच्या यंत्रास ३६ युनिट लागतात. म्हणून जुनें मोठें यंत्र फुकट मिळालें तरी तें स्वस्त पडेलच असें समजूं नये.

यंत्र मिळाल्यावर त्यावर लिनक्स घालावें. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स यांनीं विद्यार्थिदशेंत, १९९१ सालीं, याचा आरंभ केला. आज तें डेबियनसारख्या रूपांत कोणासही विनामूल्य मिळतें. फाइलींची देवघेव करण्यासाठीं त्यावर सांबा नांवाचा प्रोग्रॅम बसवावा. विंडोजचे संगणक फाइली मागतांना एस्.एम्.बी. नांवाची एक ठराविक बोली वापरतात. ती बोली इतर यंत्रांसही यावी म्हणून ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल यांनीं १९९२ च्या आरंभीं एक प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तोच पुढें सांबा झाला. एस्, एम् व बी हीं अक्षरें याच क्रमानें ज्यांत येतात असे शब्द शोधतां शोधतां हें नांव सांपडलें. सांबामुळें फोन असो वा लॅपटॉप असो, घरांतील सर्वांस एकच कोठीघर खुलें होतें. त्यांत प्रत्येकाचें स्वतंत्र फोल्डर असावें, एक सर्वांचें असावें, आणि महत्त्वाच्या कागदांचें फोल्डर लहान मुलांस वाचतां येईल पण पुसतां येणार नाहीं असें ठेवावें.

आतां राउटरकडे वळूं. घरांत जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रास राउटर एक पत्ता देतो. हा पत्ता बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होतो. असे पत्ते खाजगी वापरासाठींच राखून ठेविलेले असून बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहींत. राउटर दिलेला पत्ता पुढें बदलूंही शकतो. यास्तव सर्व्हरचा पत्ता राउटरमध्यें कायमचा नेमून द्यावा, नाहीं तर आज सांपडलेलें कोठीघर उद्यां सांपडणार नाहीं. सर्व्हर शक्य तर तारेनें जोडावा. राउटरबरोबर आलेला मूळचा पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा, आणि पाहुण्यांसाठीं निराळें वाय-फाय असूं द्यावें.

येथवरचें काम एका रविवारीं उरकतें. राखणीचें काम मात्र त्यानंतर सुरू होतें, आणि पुष्कळ घरीं उपेक्षा होते ती याचीच. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. विंडोजमधील याच एस्.एम्.बी.च्या एका जुन्या प्रकारांतील दोषांतून तो आंत शिरे, फाइलींस कुलूप घाली आणि खंडणी मागे. ब्रिटनमधील कित्येक सरकारी रुग्णालयांचें काम त्यामुळें खोळंबलें. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्च महिन्यांतच दिली होती. ज्यांनीं ती वेळीं बसविली त्यांच्या यंत्रांत त्यास या वाटेनें शिरतां आलें नाहीं. यावरून दोन नियम निघतात. पहिला, सर्व्हर व राउटर यांच्या सुधारणा आल्या कीं त्या लगेच बसवाव्या. दुसरा, फाइलींचें हें दार बाहेरच्या इंटरनेटकडे कधींही उघडूं नये. परगांवीं असतां घरच्या फाइली पाहावयाच्या असतील तर वायरगार्डसारखी बंदिस्त वाट करून घ्यावी. ती २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यांतच अंतर्भूत आहे.

यापुढील गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दोन डिस्क जोडून दोहोंवर एकच मजकूर लिहिण्याची सोय असते. एक डिस्क बिघडली तरी दुसरी काम चालविते, म्हणून पुष्कळ लोक निर्धास्त होतात. परंतु चुकून एका फाइलीवर बोट पडून ती पुसली गेली, तर ती दोहींवरून त्याच क्षणीं नाहींशी होते. चोरी वा आग यांत तर दोन्हीही जातात. सबब प्रत्येक मोलाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक प्रत घराबाहेर, उदाहरणार्थ मामांच्या घरीं, कुलुपबंद डिस्कवर असावी. महिन्यांतून एकदां त्या प्रतींतून एखादी फाइल परत काढून पाहावी. परत काढून न पाहिलेली प्रत म्हणजे न मोजतां ठेविलेलें धान्य. गरजेच्या दिवशींच पोतें रिकामें निघावयाचें. वीज एकाएकीं जाते तेथें एक लहानसा यू.पी.एस्.ही जोडावा.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक सूचना. हें काम बहुधा घरांतील एखादा हुशार मुलगा वा मुलगी करील, आणि चार वर्षांनीं शिक्षणासाठीं परगांवीं जाईल. तेव्हां मागें राहिलेल्या आईवडिलांस आपलींच छायाचित्रें सांपडूं नयेत, यासारखी दुःखाची गोष्ट दुसरी नाहीं. म्हणून सर्व्हरचा पत्ता, तो बंद-चालू करण्याची रीत, प्रतींचीं ठिकाणें व पासवर्ड हें सर्व सोप्या मराठींत एका वहींत लिहून ती वही घराच्या कपाटांत जपून ठेवावी, आणि आईवडिलांकडून तें सर्व एकदां आपल्या देखत करवून घ्यावें. शुभवर्तमानांतील विश्वासू कारभाऱ्याचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. धन्याचें धन त्याच्या स्वाधीन होतें, तसें घरच्यांचें स्मृतिधन तुमच्या स्वाधीन झालेलें आहे. तें नीट राखावें आणि मागतील त्या वेळीं त्यांच्या हातीं द्यावें, एवढ्यांत या विद्येचें सार्थक आहे असें आम्हांस वाटतें.