फोनोग्राफची रत्नाची सुई

थॉमस एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर आवाज खाचेच्या तळाशी चढ-उतारांच्या रूपात कोरलेला असे. वाजवताना टोक त्या चढ-उतारांवरून वर-खाली होई आणि ती थरथर पातळ पडद्याला पोचवी. मेण मऊ असल्यामुळे टोक अतिशय गुळगुळीत हवे आणि ते तसेच टिकायलाही हवे. पोलाद झिजते, त्याला धार येते आणि ती धार मेण खरवडते. नीलमाची कठिणता मोस मापनावर ९ आहे. घासून घडवलेला त्याचा आकार हजारो फेऱ्यांनंतरही फारसा बदलत नाही. म्हणूनच या यंत्रांत नीलम आला.

दोन मिनिटांच्या नळकांड्यावर इंचाला १०० खाचा असत. त्यासाठीचा नीलम दाराच्या गोल मुठीसारखा घडवत. १९०८ साली चार मिनिटांचे ‘अँबेरॉल’ आले, खाचा इंचाला २०० झाल्या आणि त्यांच्यासाठी लहान नीलम करावा लागला. जुने मोठे टोक या अरुंद खाचेत नीट बसत नसे. १९१२च्या ‘ब्लू अँबेरॉल’चा पृष्ठभाग सेल्युलॉइडचा होता. तो मेणापेक्षा कितीतरी कणखर असल्याने तेथे हिरा वापरता आला. त्याच वर्षी एडिसनची ‘डायमंड डिस्क’ही आली: जवळजवळ पाव इंच जाड, मिनिटाला ८० फेरे, इंचाला १५० खाचा. तिचा हिरा वारंवार बदलावा लागत नसे. १९२९मध्ये एडिसनच्या कंपनीने नळकांडी आणि डिस्क दोन्हींचे उत्पादन थांबवले.

फ्रान्सच्या पाते कंपनीनेही उभ्या चढ-उतारांच्या तबकड्या काढल्या आणि त्यांसाठी नीलमाची बारीक गोळी वापरली. कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांची ध्वनिमुद्रणे पातेच्या तबकड्यांवर निघाली, त्यामुळे ही पद्धत भारतातही पोचली. महाराष्ट्रातल्या घरांत मात्र चावीचा ग्रामोफोन रुळला. त्याच्या लाखेच्या तबकडीत खाच आडवी नागमोडी असते आणि मिश्रणात घासणारी भुकटी असते. ती पोलादी पिन झिजवून खाचेत बसवते, म्हणून दर बाजूला नवी पिन लावायची.

एका प्रकारचे टोक दुसऱ्या प्रकारच्या ध्वनिमुद्रणावर लावणे फार महागात पडते. डायमंड डिस्कवर पोलादी पिन लावली, किंवा मेणाच्या नळकांड्यावर हिऱ्याचा जड ध्वनिवाहक (टोक आणि पडदा असलेला भाग) टेकवला, तर ध्वनिमुद्रण कायमचे नासते. रत्नाचा खरा दोष झिजण्यापेक्षा टवका उडण्यात आहे. टवका उडालेला नीलम एका फेरीतच मेणातून भुकटी काढतो आणि गेलेला आवाज पुन्हा मिळत नाही. म्हणून जुने यंत्र वाजवण्यापूर्वी टोक भिंगाखाली सर्व बाजूंनी पाहावे.