एक भूमिका, दोन भाषा

नाटकास जाणारा मनुष्य कान घरीं ठेवून जात नाहीं. मराठी रंगभूमीस तर पदांचें वेड. डोळे मिटून नाटक 'ऐकणारे' रसिक आपल्या वडीलधाऱ्यांत पुष्कळ होऊन गेले. अशा घरांत वाढलेल्या वाचकांस अमेरिकेंतील 'डेफ वेस्ट थिएटर' ह्या संस्थेची हकीकत नवलाची वाटेल. १९९१ सालीं लॉस एंजेलिस येथें एड वॉटरस्ट्रीट ह्या कर्णबधिर नटानें ती काढली. तिच्या संगीत नाटकांत कर्णबधिर व ऐकणारे नट बरोबरीनें उभे राहतात, आणि संवाद खुणांच्या भाषेंत व इंग्रजींत एकाच वेळीं प्रेक्षकांपुढें येतो.

हें साधतें कसें? पुष्कळदां भूमिका एक आणि नट दोन. कर्णबधिर नट हातांनीं व चेहऱ्यानें बोलतो. दुसरा त्याच्या वतीनें बोलतो, गातो. कथकळी पाहिलेल्यांस ही योजना ओळखीची वाटेल. तेथेंही नट अबोल आणि गायक मागें उभे. परंतु कथकळीच्या मुद्रा रंगभूमीच्या. ह्या खुणा म्हणजे कितीएक माणसांची रोजच्या व्यवहाराची भाषा. तिचें व्याकरण इंग्रजीहून अगदीं निराळें. तेव्हां संवाद आधीं तिच्यांत उतरवावयाचा, मग दोहोंचा काळ जुळवावयाचा; आणि पद असलें म्हणजे तर सत्त्वपरीक्षाच! ऐकूं न येणाऱ्या नटास ताल कळावा म्हणून स्पर्शाचे, नजरेचे, प्रकाशाचे संकेत ठरवावे लागतात. हातांवर अंधार पडला कीं शब्द बुडाला.

२००३ सालीं ह्या मंडळींचें 'बिग रिव्हर' ब्रॉडवेवर आलें. कथा मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनची. हकचें काम टायरोन जिओर्डानो ह्या कर्णबधिर नटानें केलें, आणि त्याचा आवाज झाला तो मार्क ट्वेनचेंच सोंग घेतलेला डॅनियल जेंकिन्स. लेखकानेंच आपल्या पात्रास वाणी द्यावी, ही कल्पना मला फार सुरेख वाटते. एका पदांत तर मध्येंच वाद्यें व कंठ थांबत आणि सारी मंडळी नुसत्या हातांनीं तेंच पद पुढें चालवीत. तेवढा वेळ ऐकणारा प्रेक्षकच परका!

२०१५ सालीं 'स्प्रिंग अवेकनिंग' आलें. मूळ नाटक वेडेकिंड ह्या जर्मन लेखकाचें, गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीचें. वयांत येणाऱ्या मुलांशीं वडील माणसें मोकळेपणानें बोलत नाहींत आणि त्यांतून अनर्थ ओढवतो, हा त्याचा विषय. ह्या मंडळींनीं त्यास दुसरें एक मौन जोडलें. १८८० सालीं मिलान येथें कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. तिनें शाळांतून खुणांची भाषा काढून टाकण्याचा ठराव केला. मत देणारे बहुतेक सारे ऐकणारे! पुढें अनेक देशांतल्या मुलांस हात आवरून, दुसऱ्याचे ओठ न्याहाळीत, स्वतःला ऐकूं न येणारे उच्चार घोकावे लागले.

त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त करावयास परिषदेस २०१० साल उजाडावें लागलें. तोंवर जिओर्डानोनें ब्रॉडवेवर हक उभा करून सात वर्षें होऊन गेलीं होतीं.