केकन्येल्यू : बॉदॉचोन्य टेकडीवरील एक परावलंबी द्राक्षवाण

पश्चिम हंगेरीतील बालाटोन सरोवराच्या उत्तर तीरावर बॉदॉचोन्य नावाची सपाट माथ्याची टेकडी आहे. तिच्या दक्षिण उतारावर पांढऱ्या द्राक्षाचा एक जुना वाण लावला जातो. त्याचे नाव केकन्येल्यू. हंगेरियन भाषेत ‘केक’ म्हणजे निळा व ‘न्येल’ म्हणजे दांडा. पानाच्या देठावरील निळसर छटेवरून हे नाव पडले आहे. या परिसराबाहेर हा वाण क्वचितच आढळतो. त्याचे मद्य उंची समजले जाते, तथापि लागवड मात्र अत्यल्प आहे. या विसंगतीचे कारण केवळ मातीत किंवा बाजारात शोधून भागत नाही. ते प्रथम फुलात शोधावे लागते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम मातीचा विचार करू. सुमारे ८० लक्ष ते २३ लक्ष वर्षांपूर्वी या प्रदेशात अनेक लहान ज्वालामुखींचे उद्रेक झाले. त्यांतून बाहेर पडलेला बेसाल्ट एका प्राचीन सरोवराच्या वाळूच्या व चिकणमातीच्या थरांवर पसरला. पुढे सभोवतालचे मऊ थर झिजून वाहून गेले. जेथे बेसाल्टचे कठीण आच्छादन होते, तेथे खालचे थर टिकले आणि टेकड्या उरल्या. बॉदॉचोन्य ही त्यांपैकीच एक. दख्खनच्या काळ्या पाषाणाशी या खडकाचे साधर्म्य असले, तरी दख्खनचे थर सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचे, म्हणजे कितीतरी जुने आहेत.

उतारावरील मातीत बेसाल्टचा चुरा व जुन्या सरोवराचा गाळ एकत्र मिसळलेला आहे. काळा दगड दिवसा तापतो व ती उष्णता सावकाश सोडतो. समोरचे विस्तीर्ण पाणी हवामानातील तीव्रता कमी करते व प्रकाश परावर्तित करते. द्राक्ष पिकण्यास ही परिस्थिती अनुकूल आहे. खडकातील खनिजे मुळांवाटे मद्यात उतरून त्याला ‘दगडी’ चव देतात, ही लोकप्रिय समजूत मात्र शास्त्रीय कसोटीस उतरत नाही. शिवाय याच उतारावर ओलासरिझलिंगसारखे अन्य वाण भरघोस फळतात. तेव्हा केकन्येल्यूच्या अल्प उत्पन्नाचा दोष मातीला देता येत नाही.

आता फुलाकडे वळू. वन्य द्राक्षवेलींत नर व मादी वेली, पपईच्या झाडांप्रमाणे, स्वतंत्र असतात. मनुष्याने लागवडीसाठी निवडलेल्या वेली बहुतांशी उभयलिंगी आहेत; त्यांचे फूल स्वतःच्या परागानेच फळू शकते. केकन्येल्यू या नियमाला अपवाद आहे. त्याच्या फुलात पुंकेसर असतात, परंतु ते मागे वळलेले असतात व त्यांतील परागकण वांझ असतात. परागनलिका बाहेर पडण्यासाठी परागकणाच्या आवरणात जी छिद्रे लागतात, ती अशा मादी फुलांच्या परागात नसतात. फूल दिसावयास उभयलिंगी, पण कार्याने केवळ मादी, अशी ही स्थिती आहे.

द्राक्षाचे लिंग ठरविणारा भाग दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतो. मादी रूप अप्रभावी असल्यामुळे, दोन्ही प्रतींत ते असेल तरच वेल मादी होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत परागाच्या वांझपणाचा संबंध याच भागातील ‘आयएनपी-१’ या जनुकातील बिघाडाशी जोडण्यात आला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. द्राक्षाची वाढ बियांपासून नव्हे, तर फाट्यांपासून व कलमांपासून केली जाते. त्यामुळे मळ्यात केकन्येल्यूच्या हजार वेली असल्या, तरी लिंगदृष्ट्या ती एकच मादी वेल होय. संख्या वाढविल्याने तिची उणीव भरून निघत नाही.

यासाठी शेतकऱ्यांनी जुना तोडगा काढला आहे : केकन्येल्यूच्या ओळींलगत बुडाई झोल्ड, म्हणजे ‘बुडाचा हिरवा’, या वाणाच्या ओळी लावणे. हा वाण उभयलिंगी असून त्याचा फुलोरा केकन्येल्यूच्या सुमारास येतो. त्याचे स्वतःचे मद्य मात्र आंबट व सामान्य असते. म्हणजे उंची फळ हवे असेल, तर जमिनीचा काही भाग सामान्य फळाला द्यावा लागतो. एवढे करूनही यशाची शाश्वती नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस वा थंडी पडली, तर पराग पोहोचत नाही. फुले गळतात, अथवा बीजरहित बारीक मणी तेवढे राहतात.

या दुहेरी खर्चाचा परिणाम इतिहासात स्पष्ट दिसतो. मुळे पोखरणारी फायलॉक्सेरा ही कीड १८७५ साली तत्कालीन हंगेरीतील व आजच्या सर्बियातील पान्चेवो येथे प्रथम आढळली. पुढील काळात जुने मळे उद्ध्वस्त झाले आणि अमेरिकन खुंटांवर कलमे करून नवी लागवड करावी लागली. प्रत्येक शेतकऱ्यास कोणता वाण ठेवावा, हे नव्याने ठरवावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सामूहिक शेतीत उत्पन्नाच्या परिमाणाला महत्त्व आले. दोन्ही वेळी बेभरवशाचा वाण मागे पडला. १९८९-९० च्या राजकीय परिवर्तनानंतर खाजगी मळेवाल्यांनी त्याकडे पुन्हा लक्ष दिले.

एके काळी केकन्येल्यू व इटलीतील फ्रिउली प्रांताचा पिकोलित हे एकच वाण मानले जात. पिकोलितचीही फलधारणा अपुरी असते. डीएनए-चाचण्यांनी मात्र ते दोन भिन्न वाण असल्याचे सिद्ध केले. एका दोषाचे साम्य म्हणजे वंशाचे ऐक्य नव्हे, हा बोध यातून घेण्यासारखा आहे.

संकराने ही उणीव दूर करता येणार नाही काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. केकन्येल्यू व बुडाई झोल्ड यांच्या संकरातून बॉदॉचोन्य येथे रोझाको हा वाण निर्माण करण्यात आला. टेकडीवरील एका प्रसिद्ध शिळेचेही हेच नाव आहे. परंतु संकरात सर्वच गुणांची नव्याने मांडणी होते. त्यातून निपजते ते अपत्य. सुधारलेली माता नव्हे. सबब केकन्येल्यू टिकवावयाचा, तर केवळ त्याची वेल संग्रहात जतन करून भागणार नाही. तिच्याशेजारी त्याच वेळी फुलणारी दुसरी वेल आणि त्या दोहोंना एकत्र लावण्याची शेतकऱ्याची रीत, हीही जतन करावी लागेल. येथे संरक्षणाचा घटक वाण नसून सहवास आहे.