पंख गळाल्यानंतर

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील वाणगाव, पश्चिम रेल्वेवरचे बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधले स्थानक, मिरची आणि चिकू या दोन पिकांमुळे मुंबईच्या बाजारास परिचित आहे. परंतु ज्येष्ठात पहिला भरपूर पाऊस पडून गेल्यावर, आभाळ निवळलेले, वारा पडलेला आणि जमिनीतून ऊन वाफ उठत असलेली अशी जी एखादी संध्याकाळ येते, त्या संध्याकाळी तेथल्या वाड्यांच्या आणि बांधांच्या मातीत जे घडते, त्याची वार्ता बाजारापर्यंत कधी पोहोचत नाही. सहस्रावधी पंखधारी मुंग्या त्या वेळी भूमी सोडून आकाशात जातात. तेथे त्यांचे मीलन होते. नर पुढल्या थोड्याच दिवसांत मरून जातात. आणि माद्यांपैकी ज्या वाचतात त्या खाली उतरून, आपले पंख स्वतःच्याच पायांनी ओढून टाकून, एखाद्या ढेकळाखाली नव्या वसाहतीचा पाया खणू लागतात. राणीमुंगी शोधणे म्हणजे हे उड्डाण आणि हे खणणे यांच्या मधला अल्प अवकाश नेमका गाठणे होय. एकदा ती मातीआड झाली की पुढे वर्षानुवर्षे तिचे दर्शन कुदळीवाचून घडत नाही.

या कामाची तयारी मात्र उन्हाच्या दिवसांतच करावी लागते. वैशाखात, भाताची खाचरे कोरडी पडून भेगाळलेली असताना, सकाळच्या प्रहरी वाडीतून सावकाश फिरत कोणत्या जातीची बिळे कोठे आहेत याची वहीत नोंद करून ठेवावी. मोठ्या काळ्या मुंगळ्याची, ज्याला फाब्रिसिअस या कीटकशास्त्रज्ञाने १७८७ साली दिलेले कॉम्प्रेसस हे नाव अद्याप चालू असून ज्याचा समावेश आज कॅम्पोनोटस या प्रजातीत होतो, त्याची बिळे झाडाच्या बुंध्यापाशी, मुळांच्या आधाराने गेलेली असतात. आणि ती सापडत नसतील तर ज्या कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला आहे तेथून गोड रस घेऊन परतणाऱ्या मुंगळ्यांचा माग काढीत गेले की बिळाचे तोंड आपोआप समोर येते. आंब्याच्या आणि चिकूच्या उंच फांद्यांवर पाने एकमेकांस शिवून घरटी बांधणारी तांबूस मुंगी, जिला कोकणात ओंबील म्हणतात, तिचीही झाडे हेरून ठेवावीत. तिची राणी हिरवट वर्णाची असल्यामुळे पानाच्या पाठीशी बसली असता अनभ्यस्त दृष्टीस ती दिसतच नाही. याच फिरण्यात एखाद्या बिळाच्या तोंडाशी मातीचा उंचवटा आणि त्यावर पिसांचे तुकडे, वाळकी काडी, मेलेल्या कीटकांचे अवशेष रचलेले आढळले, तर तेथे उड्डाणाची वाट पाहत बसू नये. ते डायाकॅमा या प्रजातीचे घर असते, आणि तिच्यात राणी असा निराळा वर्गच नाही. कामकरी मुंग्यांपैकीच एक मीलन करून अंडी घालते, आणि बहुतेक जातींत ती इतरांच्या वक्षावरील दोन सूक्ष्म अवयव कुरतडून टाकून त्यांचा तो अधिकार कायमचा काढून घेते. राजघराण्याविना चालणारी ही व्यवस्था आपल्या पायाखाली नांदते आहे, ही गोष्ट मला राणीच्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

वळवाच्या सरी येऊन गेल्या की मुंगळ्यांच्या बिळांवर रोज सायंकाळी नजर ठेवावी लागते. वाडीवर राखणीस असलेल्या एका वृद्ध वारली गृहस्थांनी मला प्रथम सांगितले होते, की बिळाचे तोंड रुंदावलेले दिसले म्हणजे दिवस जवळ आला असे समजावे. आणि त्यांचे निरीक्षण अचूक होते. कामकरी मुंगळे अगोदर काही दिवस तोंडावरची माती काढून वाट मोकळी करतात, कारण पंखधारी मादीचे शरीर त्यांच्या नेहमीच्या वाटेतून सुखाने बाहेर पडण्याजोगे नसते. मग एखाद्या संध्याकाळी पंख असलेली डोकी तोंडाशी येतात, स्पर्शिका हलवून हवा अजमावतात आणि मागे सरतात; काही अधीर नर पुढे आलेच तर कामकरी त्यांना पाय धरून आत ओढून नेतात. हवा कोरडी आहे, वारा आहे, किंवा आभाळ अजून फार भरलेले आहे, असे काहीतरी त्या निर्णयामागे असते.

जेव्हा तो दिवस येतो तेव्हा शंकेस जागा राहत नाही. सूर्य मावळल्यानंतरच्या संधिप्रकाशात बिळाभोवती वीतभर जमीन काळी होते, जबडे उघडून उभे असलेले मोठ्या डोक्याचे मुंगळे कडे करतात, आणि त्या कड्यातून आधी नर, बारीक अंगाचे आणि लहान डोक्याचे, गवताच्या पात्यांवर चढून एकामागून एक सुटू लागतात. माद्या त्यांच्या मागून येतात. त्यांचे चढणे जड, पंख उघडणे संथ, आणि उड्डाण आरंभी इतके भारदस्त असते की पाते वाकून त्या एकदोनदा खाली घसरतात. एका बांधावर हे चालले असताना पलीकडच्या बांधावर, त्याच्याही पलीकडच्या वाडीत, तोच प्रकार त्याच घटकेस चाललेला असतो. सर्व वसाहतींना एकाच पावसाचा आणि एकाच उष्ण, दमट हवेचा इशारा मिळतो, आणि त्यामुळेच एका वारुळाच्या मादीस दुसऱ्या वारुळाचा नर भेटण्याची शक्यता निर्माण होते. त्यांचे शत्रूही तो इशारा ओळखतात. उजेड आहे तोवर तारेवर बसलेला कोतवाल वरच्या वर झेप घेऊन त्यांना टिपतो. अंधार पडताच वटवाघळे येतात. खाली भरलेल्या डबक्याच्या काठी नुकतेच बाहेर आलेले बेडूक बसलेले असतात. आणि जमिनीवर सुखरूप उतरलेल्या मादीसही दुसऱ्या वसाहतीचे कामकरी भेटले तर ते तिचे तुकडे करतात. उडालेल्या माद्यांपैकी बहुतेक सर्व त्या रात्रीत किंवा पुढल्या काही दिवसांत नष्ट होतात, हे ध्यानात ठेवल्यावाचून या कामाची नीती ठरवता येत नाही.

वाणगावाच्या बांधावरून त्या वेळी दक्षिणेकडे पाहिले तर बोईसरच्या अंगाचे आकाश पिवळसर दिसते. तिकडे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि १९६९ पासून वीज निर्माण करणारे अणुविद्युत केंद्र आहे. इकडे, जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित करून कारखान्यांवर निर्बंध घातल्यामुळे, वाड्यांतला अंधार पुष्कळसा टिकून आहे. मुंग्यांच्या दृष्टीने हा भेद लहान नाही. दिव्याच्या कक्षेत आलेली मादी त्याच्याभोवती भ्रमण करीत खाली सिमेंटवर पडते, जेथे खणावयास माती नसते, भिंतीवर पाली टपलेल्या असतात आणि सकाळी केरसुणी फिरते. म्हणून शोधणाऱ्याने आधी दिव्याखाली जावे आणि जे घ्यावयाचे ते तेथूनच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बांधावर, मातीत तोंड घालून खणू लागलेली राणी उचलणे हा तिच्या सर्व संकटांतून पार पडण्यावर केलेला अन्याय आहे.

दिव्याखालच्या त्या गर्दीत ओळख पटवणे हे पहिले काम. त्याच संध्याकाळी वाळवीही उडते, आणि पुष्कळजण तिलाच पंखांची मुंगी समजतात. परंतु वाळवीची चारही पाखे सारख्या लांबीची, कंबर जाड आणि स्पर्शिका मण्यांच्या सरळ माळेसारख्या असतात, तर मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे, कंबर सूत ओढल्यागत बारीक आणि स्पर्शिका कोपरापाशी दुमडलेल्या असतात. दिव्यावर आदळणारा तपकिरी, लांबोडक्या पोटाचा, गांधीलमाशीचा भास करून देणारा प्राणी हा डोरायलस या भूमिगत मुंगीचा नर असतो. त्याची राणी जन्मतःच पंखहीन असून सदैव भूमीखाली राहते, तेव्हा ती दिव्याखाली शोधणे व्यर्थ. खरी राणी ओळखण्याची खूण म्हणजे तिचे वक्षस्थळ. कामकरी मुंगीचे वक्ष अरुंद असते. राणीचे उड्डाणाच्या स्नायूंनी भरून उंच आणि पुष्ट झालेले असते, आणि पंख गळाल्यानंतर त्याच्या दोन्ही अंगांस त्यांचे लहान व्रण राहतात. मुंगळ्याची राणी जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर भरते, त्यामुळे ती चटकन नजरेत येते. बारीक जातींच्या राण्यांसाठी गुडघे टेकून, विजेरीवर तांबडा कागद चढवून, फरशीच्या सांध्यासांध्यातून पाहत जावे लागते. तांबडा प्रकाश मुंग्यांना फारसा जाणवत नाही. पंख अद्याप अंगावर असलेली मादी बहुधा मीलनावाचून राहिलेली असते, म्हणून ती सोडून द्यावी. पंख गळालेली मादी मीलन झालेली असेलच असेही नाही, कारण मीलनावाचूनही काही माद्या पंख टाकतात, आणि त्यांच्या अनफलित अंड्यांतून केवळ नरच निपजतात. त्याचा निवाडा पुढे काळच करतो.

उचलण्यासाठी चिमटा वापरू नये. ओल्या कुंचल्याने तिला होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत हलकेच सारावे, एका बाटलीत एकच, आणि बाटलीवर त्याच क्षणी पेन्सिलीने तारीख, वेळ, जागा आणि पाऊस केव्हा थांबला ते लिहावे. घरी आल्यावर काचेची परीक्षानळी घ्यावी, तिच्या तळाशी तृतीयांश पाणी भरून त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवावा, राणीस मोकळ्या भागात सोडावे आणि तोंडही कापसानेच बंद करून नळी अंधाऱ्या, न हलणाऱ्या जागी ठेवून द्यावी. मुंगळ्याच्या राणीस आता अन्न लागत नाही. ज्या स्नायूंनी ती उडाली ते पुन्हा कधीच उपयोगी पडावयाचे नसल्यामुळे तिचे शरीर ते विरघळवून घेते, त्यावर ती स्वतः जगते आणि पहिल्या अळ्यांस आपल्या मुखातून भरवते. त्या एका संध्याकाळी मिळालेले शुक्राणू उदरातील कोशात साठवून ती आयुष्यभर अंडी फलित करीत राहते. काही आठवड्यांनी जे पहिले कामकरी बाहेर पडतात ते जातीच्या मानाने खुजे असतात, कारण एकाच देहाच्या शिलकीवर त्यांचे पोषण झालेले असते. परंतु अन्न आणण्याचे काम ते लगेच अंगावर घेतात, आणि तेथून पुढे राणीस अंडी घालण्यावाचून दुसरा उद्योग उरत नाही. युरोपातील एका काळ्या बागमुंगीची राणी बंदिवासात अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. या आठवड्यांत नळी रोज उघडून पाहण्याचा मोह जो आवरू शकत नाही त्याने हे काम करू नये. हादरलेली राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते.

या सर्व खटाटोपात सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे विचारले, तर मी बाटलीवरच्या पेन्सिलीच्या चार ओळींकडे बोट दाखवीन. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात चाकरीस असलेले रॉटन या नावाचे एक इंग्रज अंमलदार आपल्या फिरतीत मुंग्या गोळा करीत, त्या झुरिकचे मनोविकारतज्ज्ञ ऑगस्ट फोरेल यांच्याकडे पाठवीत, आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ मध्ये त्यांनी येथील मुंग्यांवर विस्तृत लेख लिहिला. त्यानंतर १९०३ मध्ये बिंगहॅम यांचा हिंदुस्थानातील मुंग्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सरकारी दौऱ्यावर, घोड्यावरून उतरून, बाटलीत घातलेल्या मुंग्या आणि त्यांवरचे ठिकाण-तारखांचे कागद यांच्या आधारावर ते ज्ञान उभे राहिले. आज भारतात आठशेहून अधिक जातींच्या मुंग्या माहीत आहेत; पण एखादी जात विशिष्ट गावात कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी उडते याचा दाखला तेथे राहणाऱ्या माणसावाचून कोण देणार?

राण्या विकण्यासाठी गोळा करणे ही निराळीच गोष्ट आहे. मे २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांना सुमारे पाच हजार मुंग्या, बहुतांशी राण्या, दोन हजारांहून अधिक नळ्यांत भरून देशाबाहेर नेण्याच्या प्रयत्नाबद्दल न्यायालयाने दहा लाख केनियन शिलिंगांचा दंड, अथवा वर्षाची कैद, अशी शिक्षा फर्मावली. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये परकीय नागरिकास येथील सजीव संपत्ती घेण्यापूर्वी राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. राणी नेली म्हणजे एक कीटक गेला असे होत नाही. तिच्याबरोबर एक संपूर्ण भावी वसाहत जाते, आणि परक्या मुलखात ती सुटली तर तेथील मुंग्यांच्या मुळावर येऊ शकते. म्हणून येथली राणी येथेच ठेवावी, अभ्यासासाठी एखादीच घ्यावी, आणि वसाहत वाढून नळीत मावेनाशी झाली की जिथून आणली त्याच वाडीत तिला सोडावी.

वाणगाव, चिंचणी, डहाणू, बोईसर या टापूत राहणाऱ्या वाचकांस माझी एवढीच विनंती आहे, की यंदा पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या संध्याकाळी आपल्या ओसरीवरचा दिवा तासभर मालवावा, आणि मुंग्या उडताना दिसल्या तर गावाचे नाव, तारीख, वेळ आणि पाऊस थांबून किती तास झाले हे एका वहीत लिहून ठेवावे.