‘हॅबिटॅट’ म्हणजे नेमके काय?

‘हॅबिटॅट’ला मराठीत ‘अधिवास’ म्हणतात आणि पाठ्यपुस्तकात त्याशेजारी बहुधा जंगलाचे चित्र असते. मूळ लॅटिनमध्ये मात्र हे नाम नाही, क्रियापद आहे. अर्थ एवढाच : ‘राहतो’ किंवा ‘राहते’. अठराव्या शतकात लिनियससारखे निसर्गअभ्यासक प्राण्यांची वर्णने लॅटिनमध्ये लिहीत. आधी लक्षणे, मग ‘राहतो’ आणि पुढे प्रदेशाचे नाव. सतत तिथेच येणारे हे क्रियापद इंग्रजीने नाम म्हणून उचलले. हा शब्द प्रजातीसाठी वापरतात; एकट्या प्राण्याच्या फिरण्याच्या टापूला ‘होम रेंज’ म्हणतात.

जुन्नर-आंबेगावात मूळ अर्थच जास्त कामाचा आहे. कुकडी आणि घोडवरच्या धरणांचे पाणी आले, तसा ऊस वाढला. बारा ते अठरा महिने उभे असणारे हे पीक म्हणजे बिबट्याला आडोसा. भक्ष्य म्हणून वस्तीवरची कुत्री, शेळ्या आहेतच. मादी फडातच विते. तोडणीत सापडणारी पिल्ले जंगलातून वाट चुकलेली नसतात. अधिवासाच्या दाखल्याला आपल्याकडे १५ वर्षांचे वास्तव्य लागते. रानातला बिबट्या क्वचितच तेवढा जगतो, पण पिढ्या मोजल्या तर त्याचा अर्ज मंजूर व्हावा!

‘पकडून त्याच्या जंगलात सोडा’ ही मागणी इथे अडते. जुन्नर भागात २००१ पासून तसे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. नंतरच्या काळात ते १७ वर गेले, असे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या शोधनिबंधात आहे. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या शांत बसत नाही.

‘राहतो’ म्हटले म्हणजे त्याला सातबारा दिला, असे नव्हे. इथे घरातली माणसे गेली आहेत. त्यांच्यापुढे शब्दार्थ सांगणे सोपे नाही. पण तो पाहुणा नसेल, तर खबरदारीही पाहुण्यापुरती चालणार नाही. गोठा वरूनही बंद हवा, अंधार पडताना मूल उसाच्या कडेला एकटे नको, आणि शेतीला दिवसा वीज हवी. रात्री पाणी धरायला जाणाऱ्याला बॅटरी आणि काठी पुरत नाही.

तोडणीत पिल्ले दिसली तर उचलू नका. काम थांबवून १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा. आई बहुतेक वेळा जवळपासच असते आणि अंधार पडल्यावर त्याच जागी पिल्लांना शोधत येते.